नाईकांचं घर की हिल हाउस: आधी कुठे शिरावं?

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा संपल्या दिवशीच घरी आली आणि म्हणाली, "मामा, या सुट्टीत भुताची एकच मालिका पाहणार. 'रात्रीस खेळ चाले' पाहू की 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस'? होस्टेलवर सगळ्या यावरूनच भांडून राहिल्या." मी दोन्ही पाहिल्या आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

तुलना वावगी नाही, कारण दोन्हींची सुरुवात सारखीच आहे. घरात कुणीतरी जातं आणि पांगलेली भावंडं एकत्र येतात. 2016 मध्ये झी मराठीवर रात्री साडेदहाला सुरू झालेल्या मालिकेत सिंधुदुर्गातल्या आकेरीचे अण्णा नाईक जातात आणि घर भरतं. 2018 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या दहा भागांच्या मालिकेत क्रेन कुटुंबातली पाच भावंडं आहेत. लहानपणी एका रात्री ती हिल हाउसमधून पळून आलेली असतात आणि त्यांच्यातल्या एका बहिणीचा मृत्यू त्यांना पुन्हा एकमेकांसमोर उभं करतो.

पहिल्या मालिकेवर नेहमीचा आक्षेप असा, की एवढं सगळं घडतं तर ही माणसं सरळ मुंबईची गाडी का पकडत नाहीत? मला हा आक्षेप पटत नाही. आमच्या नागपूरच्या महाल भागात सामायिक घरं असलेल्यांना विचारा. वाटणी झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकलं तर हक्क गेला, ही भीती भुतापेक्षा मोठी असते. नाईकांच्या घरातली माणसं इस्टेटीपायी एकमेकांवर डोळा ठेवून बसतात, ते अगदी खरं वाटतं.

खरी अडचण नाईकांच्या घरातल्या पांडूची आहे. त्याला काहीतरी ठाऊक असतं, तो सांगायला तोंड उघडतो आणि "इसारलंय" म्हणून थांबतो. सुरुवातीला या शब्दानं अंगावर काटा येतो. कारण तो खरंच विसरला की कुणी विसरायला लावलं, हे कळत नाही. पण रोजची मालिका लांबत जाते, तसं त्याचं विसरणं लेखकाच्या सोयीचं वाटायला लागतं. आज दारावर थाप पडली की उद्या रात्रीपर्यंत आपण जीव मुठीत धरून बसायचं, आणि दार उघडल्यावर समोर काहीच नसायचं. असं दहा वेळा झालं की अकराव्या थापेला कुणी दचकत नाही.

माझी आई ही मालिका रोज पाहायची. एकदा तिनं म्हटलं, "त्या घरात कोणी कोणाले खरं सांगूनच नाही राहिलं." माझ्या मते वादाचं मूळ इथेच आहे. दोन्ही मालिकांमध्ये भीती निघते ती घरातल्यांनी लपवलेल्या गोष्टीतून, आणि ते लपवणं पटलं तरच कथा पटते.

हिल हाउसमध्ये बाप त्या शेवटच्या रात्री काय घडलं ते मुलांना वर्षानुवर्षं सांगत नाही. लोक विचारतात, सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं नसतं का? कदाचित टळलं असतं. पण सांगायचं म्हणजे मुलांच्या मनातली त्यांची आई त्यांच्यापासून हिरावून घ्यायची. कोणता बाप ते सहज करेल? त्याचं गप्प राहणं मला पांडूच्या विसरण्यापेक्षा शंभर पटीनं पटतं. शिवाय भाग दहाच, त्यामुळे दाखवलेली गोष्ट वाया जात नाही. पहिले पाच भाग एकेका भावंडाचे आहेत, आणि आधी नुसतं भयानक वाटलेलं काहीतरी पाचव्याच्या शेवटी असं उलगडतं की भीतीची जागा रडू घेतं. दहावा भाग मात्र मऊ पडला. इतकं क्रूर घर शेवटी इतकं मवाळ होतं, ते मला आजही खटकतं.

दचकवण्याचं म्हणाल तर एकच प्रसंग सांगतो. आठव्या भागात रात्रीच्या वेळी दोघी बहिणी गाडीतून चालल्या आहेत. कडाक्याचं भांडण चाललंय आणि आपण त्या भांडणात पुरते गुंतलोय. संगीत नाही, कसली चाहूल नाही. आणि वाक्य अर्ध्यावर असताना ते येतं. माझ्या हातून रिमोट पडला होता. याखेरीज मागच्या अंधारात, खांबाआड, दाराच्या फटीत कितीतरी चेहरे लपवले आहेत. पहिल्यांदा पाहताना ते दिसतही नाहीत, फक्त खोलीत कुणीतरी आहे असं वाटत राहतं.

पण मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करता येत नाही, आणि त्याची घरघर ही सगळी शांतता गिळून टाकते. तेव्हा कानात हेडफोन घाला, नाहीतर जुलैपर्यंत थांबा.

'रात्रीस खेळ चाले' कूलरच्या आवाजातही चालते. तिची भीती माणसांच्या कुजबुजण्यात आहे, अंगणात आहे, मालवणी बोलण्यात आहे. ते "माका" आणि "तुका" आपल्या "मले-तुले"वाल्या कानांना आठवडाभरात सवयीचं होतं. दुसरं पर्व 2019 चं. त्यात अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता जबरदस्त उभे राहतात, पण गोष्ट आधीच्या काळातली आहे आणि भुतापेक्षा अण्णांची दहशत जास्त आहे. सुरुवात तिथून करू नका.

आणखी एक, हिल हाउसमध्ये आत्महत्या आणि व्यसनाचा विषय खोलवर येतो. मन आधीच जड असेल तर आत्ता ती नको. नाईकांच्या घरात करणी-भानामतीची रेलचेल आहे, ज्यांना त्याची चीड येते त्यांना ती शेवटपर्यंत येत राहील.

भाची मालिका पाहताना वही घेऊन बसते, कोण कधी कुठे होतं ते टिपते. तिला मी हिल हाउस सांगितली, एकटीनं, रोज दोनच भाग. आजीसोबत बसायचं असेल तर नाईकांचं पहिलं पर्व. तिनं दोन्ही सुरू केल्या आहेत. काल रात्री फोन आला, "मामा, आठवा भाग लावून राहिली." मी म्हटलं, आजीचा चहा संपू दे, मग लाव.