सात किलोंचा हिशोब: दोन वर्षं वापरलेल्या केबिन बॅगेविषयी

नवी बॅग आणली की लोक आधी कप्पे उघडून बघतात. मी ती काट्यावर ठेवली. माझं कामच वजनकाटे तपासायचं, कॅलिब्रेशनचं, त्यामुळे सवय जात नाही. लेबलवर २.८ किलो छापलं होतं, काट्याने ३.१४ दाखवलं. तीनशे चाळीस ग्रॅमचं काय एवढं, असं विकणारा म्हणेल. केबिनमध्ये सातच किलो न्यायची मुभा असलेल्या माणसाला विचारा. सातातले तीन किलो तर रिकाम्या बॅगेनेच खाल्ले, आणि अजून एक रुमालसुद्धा आत गेलेला नाही.

त्यात माझी प्रमाणित वजनांची पेटी असते. एक ग्रॅमपासून पाचशे ग्रॅमपर्यंत स्टीलची बारा वजनं, मिळून १११० ग्रॅम, पेटी वेगळी. ही चेक-इनमध्ये टाकायचं धाडस मी करत नाही, कारण एखादं वजन पडलं, ओरखडा गेला, की त्याच्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. एक्स-रेमध्ये ही पेटी काळ्याकुट्ट ठिपक्यांच्या रांगेसारखी दिसते, त्यामुळे बॅग उघडायला लागणार हे मी धरूनच चालते. सिक्युरिटीवाल्याचा हात पेटीकडे गेला की मी म्हणते, "ग्लोव्हज आहेत ना हातात? मग खुशाल बघा." बोटाचा घामसुद्धा त्या वजनांना चालत नाही. एकाने एक ग्रॅमचं वजन चिमटीत धरून दिव्यासमोर नेलं आणि विचारलं, "एवढ्याशाने काय मोजता?" मागे रांग खोळंबलेली. तेव्हापासून मी पेटी आधीच बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवते. या बॅगेची पहिली चांगली गोष्ट इथेच सांगून टाकते: वरचा कप्पा बॅग आडवी न पाडता उघडतो. ट्रेपाशी बॅग जमिनीवर फाकवून बसणारी माणसं बघितली असतील, तर या सोयीची किंमत कळेल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. चार जोडचाकं, कडक पॉलिकार्बोनेटचं कवच, मध्ये चेन, या घाटाच्या बॅगा आता सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात. यातलं बरंचसं तुमच्या बॅगेलाही लागू पडेल. माझ्या बॅगेच्या महिन्याला दोन खेपा होतात, म्हणजे दोन वर्षांत जाऊन-येऊन शंभरच्या आसपास विमानं झाली.

मापाचंही वजनासारखंच. लेबल म्हणतं ५५ × ३८ × २० सेंटिमीटर. माझी टेप म्हणते चाकांसकट ५५.६, बाजूचं हँडल धरून ३९, आणि पुढची बाजू फुगीर असल्यामुळे जाडी २२.५. विमान कंपन्यांची जागतिक संघटना, आयाटा, तिचं मार्गदर्शक माप ५६ × ४५ × २५ आहे, चाकं, हँडल, बाहेरचे खिसे सगळं धरून. त्यात ही आरामात बसते. पण ते माप कोणावर बंधनकारक नाही. जून २०१५ मध्ये याच संघटनेने सगळीकडे चालेल असं ५५ × ३५ × २० हे एक माप सुचवून पाहिलं. आमच्या आहेत त्या बॅगा फेकून द्यायच्या का, अशी ओरड झाली आणि त्याच महिन्यात तो प्रस्ताव बासनात गेला. परिणाम असा, की जितक्या कंपन्या तितक्या गेटजवळच्या चौकटी. एका चौकटीत माझी बॅग आत तर गेली, पण बाहेर येईना. मागच्या मुलाने चौकट दोन्ही हातांनी दाबून धरली, मी हँडल ओढलं, आणि बॅग एकदाची सुटून आली तशी मी दोन पावलं मागे. गेटवरची बाई हसू दाबत म्हणाली, "मावली ना? मग जा."

चाकं उत्तम. सूटकेसला चाकं लावण्याचं पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळालं, पण ती बॅग पट्ट्याने ओढायची होती, हट्टी कुत्र्यासारखी. उभी बॅग, दोन चाकं आणि आतून निघणारं लांब हँडल ही युक्ती रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये काढली. मला मनातून अजून प्लाथसाहेबांचीच बाजू पटते. दोन चाकांची बॅग उभी केली की उभी राहते. माझी चार चाकांची, विमानापर्यंत नेणाऱ्या बसने ब्रेक मारला की स्वतःच्या मर्जीने निघते. एकदा ती एका बाईंच्या घोट्यावर गेली, तेव्हापासून मी तिला दोन गुडघ्यांमध्ये धरून उभी राहते. मात्र विमानात शिरल्यावर गणित उलटतं. आयलमधून, म्हणजे सीट्समधल्या वाटेतून, ती आडवी, कुशीवर चालल्यासारखी सरकत येते, कोणाच्या कोपराला लागत नाही. दोन चाकांची मागून ओढावी लागते आणि प्रत्येक रांगेत एका तरी आर्मरेस्टला थडकते.

आता खरा मुद्दा, डोक्यावरचा कप्पा. बॅग चांगली की वाईट हे दुकानात कळत नाही, ते इथे कळतं. पहिलं म्हणजे चाकं आत, हँडल बाहेर. उलटी ठेवली तर उतरताना चाकांना धरून ओढावं लागतं, आणि ती चाकं कुठेकुठे फिरून आलेली असतात हे आपल्यालाच माहीत. दुसरं म्हणजे नव्या विमानांतले मोठे कप्पे बॅगा कडेवर उभ्या ठेवण्यासाठी केलेले असतात, पुस्तकं फळीवर लावतात तशा. बोइंगच्या ७३७ मधल्या अशा कप्प्यात जुन्याच्या चारऐवजी सहा बॅगा मावतात. कप्प्याच्या झाकणाला आतून तसं चित्रही चिकटवलेलं असतं. पण ते बघतं कोण? पहिला येणारा आपली बॅग झोपवतो, तिच्यावर जॅकेट अंथरतो, शेजारी खरेदीची कागदी पिशवी ठेवतो, आणि सहा जणांची जागा अडीच जणांत संपते.

तरी झोपवणाऱ्याला मी अजाण समजून सोडते. सत्ताविसाव्या रांगेत बसायचं असून चौथ्या रांगेवरच्या कप्प्यात बॅग टाकून हात हलवत मागे जाणाऱ्याला मात्र माफी नाही. त्याला पक्कं ठाऊक असतं तो काय करतोय. तसाच एक पाठीवर सॅक ठेवून वळणारा. त्याला वाटतं आपण एवढेच आहोत, पाठीमागे अजून फूटभर आपण आहोत हे त्याच्या गावीही नसतं.

उचलण्याबद्दल. माझी उंची बेताची, आणि भरलेली सात किलोंची बॅग डोक्याच्या वर न्यायची म्हणजे खाली बसलेल्याच्या टाळूवर क्षणभर टांगती तलवार. एकदा मी नुसतं केविलवाणं बघितलं, तर क्रूमधली मुलगी म्हणाली, "ताई, मी खालून आधार देईन, पण उचलणार नाही. दिवसाला अशा चार फ्लाइट्स असतात माझ्या." मला राग आला आणि पुढच्याच मिनिटाला गेलाही. दीडशे जणांच्या बॅगा तिने उचलायच्या तर तिच्या खांद्याचं काय व्हावं? त्यानंतर मी घरी कपाटाच्या वरच्या फळीवर भरलेली बॅग ठेवून पाहायला लागले. तिथे चढली नाही तर काहीतरी बाहेर काढते. या बॅगेला खालच्या बाजूला हात घालायला खाच आहे, ती इथे फार उपयोगी पडते.

पुढच्या खिशावर माझी मोठी तक्रार आहे. जाहिरातीत तिथे पासपोर्ट खोचलेला आणि पॉवर बँक जोडलेली दाखवतात. बाहेर यूएसबीचं भोकही दिलंय. नेमक्या याच दोन वस्तू वर ठेवू नयेत. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते, आणि १०० वॅट-अवरपर्यंतची सहसा न विचारता चालते, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानात आग लागली. पॉवर बँकेतून ती लागली असावी अशी शक्यता तपासात पुढे आली. १ मार्चपासून तिथल्या कंपन्यांनी पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायलाच बंदी केली, ती अंगाजवळ हवी, म्हणजे धूर निघाला तर दिसेल तरी. आणि माझ्या बॅगेची रचना मला सांगते की ती वर ठेव, बंद झाकणाआड. शिवाय कप्पे भरले म्हणून गेटवरच बॅग खाली पाठवायला सांगितली, तर घाईत ती पॉवर बँक काढायचं ध्यानात राहील का? निदान बॅटरी आत ठोकून बसवलेली नाही, एवढं नशीब. तशा न निघणाऱ्या बॅटरीच्या बॅगा जानेवारी २०१८ पासून बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत.

पासपोर्टचं कारण वेगळं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण जपान एअरलाइन्सच्या विमानातले ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले, बॅगा मागे टाकून. विमानाला परवाना मिळवताना निम्म्याच दारांतून नव्वद सेकंदांत सगळे बाहेर काढून दाखवावे लागतात. त्या नव्वद सेकंदांत कप्पा उघडायला वेळ धरलेला नाही. ती बातमी वाचून मी स्वतःला विचारलं, बाई, तू तुझी वजनांची पेटी सोडशील? उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला, आणि तो वेळच मला आवडला नाही. तेव्हापासून पासपोर्ट, औषधं आणि फोन कमरेच्या पाउचमध्ये. वर जे आहे ते जळालं तरी चालेल असंच. पेटीची तर प्रमाणपत्रं नव्याने करून घेता येतात.

आता ती चेन. बॅगेच्या मधोमध दोन चेना आहेत. एक उघडायची, दुसरी फुगवायची. दुसरी सोडली की बॅग पाच सेंटिमीटर जाड होते. विकत घेताना मी याच गोष्टीवर भाळले होते. पहिलं वर्षभर ती मी हातही न लावता ठेवली. मग एका परतीच्या प्रवासात दोन जाडजूड मॅन्युअल्स आणि भाचीसाठी घेतलेलं कापसाचं अस्वल, एवढं वाढलं, आणि मी ती चेन सोडली. गेटवर कोणी अडवलं नाही. माझं बोर्डिंग आधी झालं. बॅग कडेवर उभी राहीना, झाकण लागेना, म्हणून मी ती झोपवली. होय, मीच. दोघांची जागा अडवून, जॅकेट घडी करून वर ठेवून, खिडकीशी जाऊन बसले.

शेवटी शेवटी एक काका आले, माझ्याच रांगेत आयल सीटवर. हातात छोटीशी जुनी बॅग, माझ्या बॅगेच्या निम्मी. वर बघितलं, इकडे तिकडे बघितलं. क्रूने ती नेऊन सहा रांगा मागे ठेवली. मी मासिक वाचत होते, म्हणजे उघडून धरलं होतं. विमान उतरल्यावर काका उठले आणि मागे जायला लागले, पण पूर्ण आयल पुढे सरकत होती. कोणीतरी म्हणालं, "बसा काका, रिकामं होऊ द्या." ते म्हणाले, "पुढची फ्लाइट आहे हो," आणि घड्याळ बघत उभे राहिले. उभेच होते म्हणून माझी बॅग त्यांनीच खाली काढून दिली. दोन्ही हातांनी, छातीशी धरून, सावकाश. "बरीच जड आहे हो तुमची," एवढंच म्हणाले. मी थँक यू म्हटलं आणि त्यांच्या आधी उतरले. त्यांना पुढचं विमान मिळालं का, मला माहीत नाही.

घरी येऊन बॅग काट्यावर ठेवली. ९.६.

पाचपैकी साडेतीन. चाकांचे, बॅगेच्या वरच्या कप्प्याचे आणि कवचाचे पूर्ण गुण. कवचावर ओरखडे खूप आहेत, तडा एकही नाही. लांब हँडल वरच्या टप्प्यात डुगडुगतं. आतलं अस्तर एका कोपऱ्यात सुटलंय. लेबलवरच्या खोट्या वजनाचा अर्धा गुण मी हट्टाने कापलाय, धंद्याची सवय. दोन-तीन दिवसांच्या कामाला जाणाऱ्याने जरूर घ्यावी, पण टेप आणि काटा घरचा वापरावा.

मागच्या महिन्यात एक चाक कुरकुरायला लागलं म्हणून दुरुस्तीला दिली. चाक बसवून झाल्यावर दुरुस्तीवाल्याने बॅग फिरवून बघितली आणि फुगवायच्या चेनीवर बोट ठेवलं. तिचा सरकता हूक मी दुहेरी दोऱ्याने कापडाला शिवून टाकलाय, टाके काही सुबक नाहीत.

"ताई, ही अडकलीय वाटतं. मोकळी करून देऊ? पैसे नको त्याचे."

"नको," म्हटलं. "असू दे तशीच."