रावपुऱ्यातून घेतलेलं भिंग आणि टॅरंट्युलाची कात

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानातून हे घडीचं 10 एक्स (दहापट मोठं दाखवणारं) भिंग घेतलं, पैसे वसूल! मामेभावाने गोव्याहून टॅरंट्युलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची कात आणली होती, ती भिंगाखाली धरली तर नख्यांभोवती मखमलीसारखे केसांचे गुच्छ दिसले, अंगावर काटाच आला. आपल्या सह्याद्रीतला थ्रिग्मोपोयस हा टॅरंट्युलांचा एवढासा गट, पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये मांडला आणि तेव्हाच इन्सिग्निस, ट्रुक्युलेंटस या दोन जाती वर्णिल्या, पण हॅप्लोक्लास्टस हा दुसरा गट त्याचा इतका जवळचा की ओळखताना नुसत्या रंगावर अजिबात जाऊ नका, मादीच्या कातीतली शुक्रधानी (शुक्राणू साठवणारी पिशवी) बघावी लागते आणि तिथे मात्र मायक्रोस्कोपच हवा. पहिल्या भिंगाची बिजागरी ढिली निघाली, दुकानातल्या काकांनी लगेच बदलून दिलं.