किल्लारीचा भूकंप की लातूरचा?

पुण्यातील एका प्रदर्शनासाठी फलक लिहिताना ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला कोणते नाव द्यावे, असा प्रश्न एका मैत्रिणीला पडला. अचूकतेत किल्लारी सरस, कारण ते गाव केंद्राच्या परिसरातले आहे, तर लातूर शहर तेथून चाळीसेक किलोमीटर दूर आहे. व्याप्तीच्या कसोटीवर मात्र दोन्ही नावे तोकडी पडतात. सास्तूरसारखी उद्ध्वस्त झालेली गावे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होती, आणि तो जिल्हा आज धाराशिव म्हणवतो, म्हणजे जिल्ह्याची नावेही कायमची नसतात! मराठी वाचकांच्या तोंडी किल्लारीच आहे, त्यामुळे या फलकावर तेच असावे. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी लिहिताना लातूर सोयीचे. वर्ष दोन्हींसोबत द्यावे.