करिअर ब्रेकनंतरचं समुपदेशन घेतलं, माझा अनुभव

सहा वर्षं नोकरी सोडून घरी होते, आधी बाळ आणि मग सासऱ्यांचं आजारपण, ते शेवटची तीन वर्षं अंथरुणालाच खिळून होते. परत कामाला लागायचं म्हटल्यावर कुठून सुरुवात करायची तेच कळेना म्हणून ही ऑनलाइन करिअर समुपदेशनाची सर्व्हिस घेतली. दीड-दीड तासाची तीन सेशन्स आणि सोबत रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, असं पॅकेज आहे.

पहिलं सेशन रिज्युमेचं. मी कुठंतरी वाचून घरी बसलेल्या वर्षांना 'गृहव्यवस्थापन' असं भारदस्त नाव दिलं होतं, मॅडमनी ते सरळ खोडायला लावलं. म्हणाल्या, "घरच्या जबाबदारीमुळे सहा वर्षं नोकरी केली नाही, एवढं एका ओळीत लिहा आणि हल्ली नवीन काय शिकलात ते वर आणा." मी अकाउंट्समधली, नव्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला होता पण तो पार शेवटी ढकलला होता. तो वर आणला आणि इंटरव्ह्यूचे फोन यायला लागले, खरंच.

पण पैसे वसूल झाले ते दुसऱ्या सेशनला. ब्रेकमुळे काय काय गेलं त्याची एक शीट भरायची असते. मी आपली पगार गुणिले 72 महिने करून मोकळी झाले होते. मॅडम म्हणाल्या थांबा, पगारवाढी कुठायत, निवृत्तीसाठी जे पैसे बाजूला टाकले असते ते कुठायत? मग 72 चा नियम सांगितला, 72 ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतात ते कळतं, 8 टक्क्यांनी 9 वर्षं. म्हणजे तिसाव्या वर्षी जे टाकायचे राहिले ते 57 व्या वर्षापर्यंत तीनदा दुप्पट, आठपट झाले असते. अकाउंट्सची असून हा हिशोब मी स्वतःसाठी कधीच मांडला नव्हता. रडूच आलं मला.

त्या दिवशी नवरा शेजारीच बसला होता. मॅडमनी क्लॉडिया गोल्डिन यांच्याबद्दल सांगितलं, 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या. त्यांचं म्हणणं असं की काही नोकऱ्या कधीही, कितीही वेळ हजर राहणाऱ्याला प्रमाणाबाहेर जास्त पगार देतात, मग जोडप्यातला एकजण ती नोकरी धरतो आणि दुसरा घर सांभाळायला मोकळा राहतो, आणि हा दुसरा बहुतेक वेळा बाईच असते. नवऱ्याची दोन प्रमोशन्स याच सहा वर्षांत झाली. मेहनत त्याने भरपूर केली, ते मी कधी नाकारणार नाही, पण रात्री नऊपर्यंत ऑफिसात थांबता आलं ते मी घरी होते म्हणून. हे त्याने स्वतःहून बोलून दाखवलं आणि पुढच्या महिन्यापासून माझ्या नावाने गुंतवणूक सुरू केली. मला त्याग वगैरे शब्दांनी कधी बरं वाटलं नव्हतं, ह्याने वाटलं.

आता व्हिडिओ. ते मला अजिबात पटले नाहीत. श्रीमंत व्हायचं तर विचार बदला, संधी सगळ्यांनाच मिळते, जो झोपून राहतो तो मागे पडतो, असं सगळं. अहो रात्री दोनला उठून आजारी माणसाची कूस बदलणारी बाई झोपून राहिलेली असते का? वर एका ठिकाणी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन ह्यांच्या 2010 च्या अभ्यासाचा दाखला देऊन सांगतात की एका मर्यादेनंतर पैशाने रोजच्या आनंदात भर पडत नाही. पण 2023 मध्ये स्वतः कानमन ह्यांनीच किलिंग्सवर्थ आणि मेलर्स ह्यांच्यासोबत आकडे परत तपासले तेव्हा बहुतेकांचा आनंद त्या मर्यादेपुढेही उत्पन्नाबरोबर वाढतच जातो असं दिसलं, फक्त जे सगळ्यात दुःखी होते त्यांचा ठरावीक उत्पन्नानंतर वाढायचा थांबतो. ते व्हिडिओत नाहीच. कमाई सोडलेल्या माणसाला पैशात काय ठेवलंय म्हणणं फार सोपं असतं, म्हणून हे अर्धवट सांगितलेलं मला जास्त लागलं.

तिसरं सेशन पगाराच्या बोलणीचं, ठीकठाक. नोकरी लागली, आधीच्यापेक्षा एक पायरी खालची, पण मी विचार करून घेतली. घ्यायचं असेल तर पहिली दोन सेशन्स घ्याच आणि दुसऱ्याला घरातल्या कमावत्या माणसाला शेजारी बसवा. व्हिडिओशिवाय पॅकेज मिळतं का ते आधी विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं.