अकरा महिने, चारशे बार : १८४९ च्या ॲस्टन पिस्तुलाचा अनुभव

गेल्या अकरा महिन्यांत मी एका १८४९ सालच्या पिस्तुलातून मोजून ४१२ बार काढले. मोजून म्हणते, कारण पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. दारू किती, गोळी केवढी, कापड कुठलं, हवा कोरडी की दमट, गोळी कागदावर कुठे लागली, सगळं त्यात आहे. जुनी लष्करी एकबारी पिस्तुलं जमवणारे पुष्कळ असतात, ती नियमित चालवणारे कमी. दोन्ही करू पाहणाऱ्याला माझी वही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

पिस्तूल अमेरिकन लष्कराचं, १८४२ च्या नमुन्याचं, हेन्री ॲस्टनच्या कारखान्यातलं. घोडेस्वारासाठी केलेलं, ठासणीचं, टोपीवर चालणारं, म्हणजे स्फोटक भरलेल्या इवल्याशा धातूच्या टोपीवर घोडा (मागचा हातोडा) आपटतो आणि तिची आग आतली दारू पेटवते. नळी साडेआठ इंच, आतून गुळगुळीत, गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत. तोंड ०.५४ इंच, म्हणजे १३.७ मिलिमीटर. टोकापासून टोकापर्यंत १४ इंच आणि वजन सव्वा किलोच्या आसपास. दस्ता अक्रोडाचा, नळीवरची पट्टी आणि मुठीची टोपी पितळी. ॲस्टननं अशी ३०,००० बनवली, त्याच्यामागून आयरा जॉन्सननं आणखी १०,०००. दोघंही कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनचे. त्याच गावात सिमियन नॉर्थनं १८१३ साली २०,००० पिस्तुलांचा करार घेतला होता. एका पिस्तुलाचा कुठलाही भाग दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलाला बसला पाहिजे, अशी त्यात अट होती. माझं पिस्तूल त्या परंपरेतलं, आणि हे हातात धरताना मला दर वेळी आठवतं.

संख्या मोठी असल्यामुळे हा नमुना अजून मिळतो. चालवायला घ्यायचं असेल तर मी याच कारणासाठी हा सुचवीन. १८०५ चं, हार्पर्स फेरीच्या अमेरिकन सरकारी कारखान्यातलं, चकमकीचं म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारं पिस्तूल जेमतेम ४,००० बनलं. त्यातलं एखादं हाती आलं तर ते काचेच्या कपाटात राहावं. त्यातून बार काढायचा मोह झाला तरी काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

घेताना मी तीन पिस्तुलं नाकारली. पहिल्याची नळी निळी-काळी केलेली होती. या नमुन्याच्या नळ्या मुळात पांढऱ्या, झळझळीत असायच्या, त्यामुळे काळा रंग म्हणजे नंतरची कारागिरी. दुसऱ्याच्या दस्त्याला कुणीतरी पॉलिश पेपर मारला होता. डाव्या अंगाला तपासनिसाच्या सहीचा शिक्का लाकडात खोल उठलेला असतो, तो पुसट होऊन नुसती सावली उरली होती. तिसरं दिसायला सर्वांत देखणं होतं, पण त्याचा घोडा अर्ध्या चापावर, म्हणजे सुरक्षिततेसाठी अर्धवट मागे अडकवायच्या घरात, ठेवून मी हलकेच चाप ओढला आणि घोडा पडला. त्या घराची धार झिजलेली होती. अशा पिस्तुलाला टोपी लावून कुणी कमरेशी धरलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मी ते ताबडतोब खाली ठेवलं. चौथं मी घेतलं. त्याच्या नळीवर तपकिरी कळा चढलेली आहे, दस्त्यावर दोन घाव आहेत, पण कळीच्या, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्रणेच्या, पट्टीवरचं नाव, गाव आणि साल बोटाला लागतं आणि शिक्क्याच्या कडा शाबूत आहेत.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला बसले.

घरी आणल्यावर मी नळीत एक लाकडी काडी सोडली, ती जिथे टेकली तिथे नळीच्या तोंडाशी नखानं खूण केली आणि काडी बाहेर काढून नळीवर आडवी धरली. काडीचं टोक निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीच्या, बैठकीपर्यंत जायला हवं होतं. ते दोन बोटं अलीकडेच थांबलं. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. पिस्तूल भरलेलं होतं! माझ्या आधी किती हातांतून गेलं असेल, किती जणांनी ते पाहुण्यांसमोर चाप ओढून दाखवलं असेल, ठाऊक नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.

ज्यांनी मला ठासणीची हत्यारं शिकवली त्या काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "तोंड भिंतीकडे कर, निपलमधून तेल सोड आणि उद्यापर्यंत हात लावू नकोस." दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. निपल काढला, तिथून पाणी भरलं, दारू पार भिजली याची खात्री केली आणि मग गजाच्या टोकाला गोळी ओढायचा स्क्रू लावून तो शिशात फिरवला. पहिल्या दोन वेळा नुसता कीस आला. तिसऱ्या वेळी गोळी कुरकुरत वर सरकली. तिच्यामागे काळपट झालेला कागदाचा बोळा आणि मग शाईसारखं पाणी. गोळी धुऊन तराजूवर ठेवली, स्क्रूनं खाल्लेलं शिसं वजा जाऊनही १३.८ ग्रॅम भरली. या पिस्तुलाची लष्करी गोळी पौंडाला ३२ च्या हिशेबाची, म्हणजे साधारण १४.२ ग्रॅमची. ती तिचीच होती.

म्हणून जुनं हत्यार कुणाकडूनही घ्या, कितीही विश्वासाच्या माणसाकडून घ्या, आधी काडी घाला. चाप मागाहून.

पुढचे दोन-तीन आठवडे तपासणीत गेली. नळीत बारीक दिवा सोडून पाहिलं. खालच्या अंगाला, दारू बसते तिथे, गंजाची बारीक खाच होती, पण खोल नव्हती. जाणकार बंदूकमिस्त्रीनं नळी पाहून हिरवा कंदील दिल्यावरच पहिला बार काढला, तोही पिस्तूल बाकाला बांधून, दोरीनं चाप ओढून. मूळ निपल काढून डबीत ठेवला आणि त्याच आट्यांचा नवा बसवला. हा सगळ्यांत स्वस्तातला आणि सगळ्यांत महत्त्वाचा बदल. जुन्या निपलचं भोक झिजून मोठं झालं असेल तर आग मागे येते, टोपीचे तुकडे उडतात आणि घोडा आपोआप उचलला जातो. डोळ्यांवर चष्मा नसेल तर या हत्याराजवळही जाऊ नये.

आणि दारू काळीच. बिनधुराची दारू चिमूटभरही नाही, मिसळूनही नाही. ही नळी तिच्या दाबासाठी केलेलीच नाही.

बारीक दाण्याच्या काळ्या दारूनं मी दीड ग्रॅमपासून सुरुवात केली, दोन ग्रॅमपर्यंत गेले आणि शेवटी १.६ वर स्थिरावले. लष्करी भार याहून जास्त होता, पण मला घोडेस्वाराला पाडायचं नाही, कागदाला भोक पाडायचं आहे. एवढ्या भाराला मूठ तळहातात नुसती वर लोळते, मनगटाला हिसका बसत नाही. दारू मी घरूनच एकेका बाराची मापून काचेच्या नळ्यांत नेते. डब्यातून थेट नळीत ओतायची चूक कुणी करू नये. आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर अख्खा डबा हातात पेटेल.

गोळी १३.३ मिलिमीटरची, मऊ शिशाची, मी स्वतः ओतलेली. तिच्याभोवती सुती कापडाची चकती, मधमाश्यांच्या मेणात आणि चरबीत भिजवलेली. सैनिक हे असं करत नसे. तो कागदी काडतूस दातानं फाडून दारू ओतायचा आणि कागदासकट गोळी खाली ढकलायचा. मी दोन्ही पद्धतींनी मारून पाहिलं. कागदात गुंडाळलेल्या गोळ्या २५ मीटरवर हातभर पसरल्या, कापडातल्या त्याच्या निम्म्यात आल्या. यात पिस्तुलाचा दोष नाही. त्याची नेमणूक घोड्याच्या मानेपलीकडच्या माणसासाठी होती. घाईत, दौडत्या घोड्यावर, काजळी धरलेल्या नळीतसुद्धा गोळी सरकली पाहिजे म्हणूनच ती सैल ठेवलेली.

नळीखालचा गज दोन पट्ट्यांच्या बिजागरीवर अडकवलेला आहे. तो बाहेर ओढायचा, फिरवून नळीच्या तोंडात घालायचा आणि काम झालं की परत खाली. स्वाराच्या हातून पडून हरवू नये म्हणून ही योजना. पहिल्यांदा ती फिरवून बघताना मला शब्दशः टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, इतकी साधी आणि चोख. पण मैदानावर मी तो गज वापरत नाही. कापडातली घट्ट गोळी ठासताना बिजागरीच्या इवल्याशा स्क्रूंवर ताण येतो आणि ते मोडले तर मूळ भाग परत मिळणार नाहीत. वेगळा लाकडी गज सोबत ठेवते, त्यावर गोळी पूर्ण बसल्याची खूण आहे. खूण तोंडाशी आली नाही तर बार काढायचा नाही. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते.

नेमाचं सांगायचं तर सुरुवातीचे दोन महिने रडवणारे होते. पुढे पितळेची एवढीशी माशी, मागे हल्लीच्या पिस्तुलासारखी नेमकी खाच नाही, आणि चाप ताणकाट्यावर साडेतीन किलोचा भरला. ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पिस्तूल २५ मीटरवर मारतात, ३० मिनिटांत १३ बार, त्यातले उत्तम १० धरायचे. जुन्या घराण्यांची नावं तिथल्या गटांना दिलेली आहेत, टोपीच्या पिस्तुलांना कुखेनरॉयटर, चकमकीच्यांना कोमिनाझ्झो. मी सरावाला तोच हिशेब धरला. पहिल्या दिवशी १३ पैकी ७ कागदावर होते, बाकीचे कागदाच्या वरून गेले. हे पिस्तूल २५ मीटरवर वीतभर उंच मारतं. काकांच्या ओळखीतल्या एकानं माशी उंच करून घे असं सुचवलं. मी नाही केली. पावणेदोनशे वर्षं टिकलेल्या धातूला माझ्या गुणांसाठी कानस लावणार नाही. त्याऐवजी कागदावर काळ्या वर्तुळाखाली वीतभर अंतरावर एक पांढरी चिकटपट्टी लावली आणि नेम तिच्यावर धरायला लागले.

खरी मेहनत हात स्थिर ठेवण्याची. टोपी फुटते आणि मग बार होतो, मधला तो क्षण लहान असला तरी जाणवतो. नवशिका त्याच क्षणी मनगट सोडतो. मी कितीतरी दिवस नुसत्या टोप्या मारल्या, दारू न भरता, समोर मेणबत्ती ठेवून. ज्योत विझली तर मनगट हललं नाही असं धरायचं. आठव्या महिन्यात उत्तम १० बार पहिल्यांदा ताटलीएवढ्या जागेत आले, १६ सेंटिमीटर. ते कागद मी जपून ठेवले आहेत.

फुसके बार ४१२ मध्ये ९ झाले. त्यातले ६ दमट दिवसांतले, आणि त्या सगळ्यांचं मूळ निपलखालच्या वाटेत राहिलेल्या तेलात सापडलं. आता भरण्याआधी दोन नुसत्या टोप्या मारते, वाट कोरडी होते. बार चुकला की तोंड लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबायचं. दोनदा तीन-चार सेकंदांनी बार झाला, तेव्हा हा नियम कशासाठी आहे ते अंगात उतरलं. नवव्या महिन्यात घोड्याच्या कमानीचा आवाज बदलल्यासारखा वाटला. कळ उघडून पाहिली तर कमान ठीक होती, कळीच्या मागचं लाकूड केसाएवढं चिरलं होतं. तेव्हापासून एका बैठकीत २० च्या वर बार काढत नाही.

सफाई त्याच दिवशी, कितीही उशीर होवो. निपल काढायचा, कोमट पाण्यात साबणाचा थेंब, कापड पांढरं येईपर्यंत, मग कोरडं, मग हलकं तेल. काजळी हवेतला ओलावा शोषते आणि सकाळपर्यंत नळीत लाली दिसते. कळ दर वेळी उघडत नाही. स्क्रूच्या खाचा तंतोतंत भरतील असे दोन पेचकस घासून घेतले आहेत. जुन्या हत्याराची निम्मी किंमत त्या खाचा न फाटण्यात असते. नळीवरची तपकिरी कळा मात्र कधीही घासून काढू नका. चकचकीत केलेलं पिस्तूल पाहिलं की माझ्या पोटात कालवतं.

दरम्यान रेमिंग्टन कंपनीचं एक पिस्तूलही आलं, १८७१ च्या नमुन्याचं, ०.५० चं, पितळी काडतुसाचं. घोडा मागे, ठोकळा अंगठ्यानं मागे, काडतूस आत, ठोकळा पुढे. घोडा पडताना त्याचाच खांदा ठोकळ्याखाली येऊन तो अडवून धरतो, बाराचा दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. नळीत आटे असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी माझे गुण ॲस्टनच्या आठ महिन्यांच्या पुढे गेले. पुढे याच घडणीवर कंपनीनं १८९१ आणि १९०१ ची खास नेमबाजीची पिस्तुलं काढली, त्याचं नवल वाटत नाही. फक्त गुण हवे असतील तर सरळ हे घ्या. काडतुसं मात्र हातानं घडवावी लागतात, त्याची तयारी ठेवा.

चकमकीचं पिस्तूल शोधणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगते. १८३६ च्या नमुन्यासारखी पुष्कळ पिस्तुलं पुढे टोपीवर बदलली गेली. तो बदल त्यांच्या नोकरीचा भाग आहे, त्याची लाज नाही. पण जास्त पैसे मिळतात म्हणून विक्रेते त्यांना परत चकमक बसवतात आणि अस्सल म्हणून विकतात. रंजकाची थाळी (चकमकीची ठिणगी जिच्यात पडते ती वाटी) आणि कळीची पट्टी यांच्या सांध्यावर भिंग धरा. नवं वेल्डिंग, भोवतालच्या धातूपेक्षा वेगळा पोत, भोकाच्या कडा अति स्वच्छ, यांतलं काहीही दिसलं तर सोडून द्या. टोपीवर बदललेलं, खरं, थकलेलं पिस्तूल कमी पैशांत येतं आणि मी तरी तेच घेईन. परवाना, नोंदणी, दारू बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते पिस्तूल हाती घेण्याआधी लेखी विचारून घ्या.

नळीतून ओढून काढलेली ती गोळी माझ्या वहीशेजारी डबीत आहे, मूळ निपलच्या जोडीला. पिस्तूल पुढे कुणाच्या हाती जाईल तेव्हा डबी आणि वही दोन्ही त्याच्याबरोबर जातील.