लेव्हलला एक कोच का इव्हेंटला एक?

आपल्या कोल्हापुरात तालमीत एकच वस्ताद, त्यामुळं जिम्नॅस्टिक्सलापण लेव्हलला (म्हणजे शिकण्याच्या एकेका टप्प्याला) सगळं शिकवणारा एक कोच हेच आपल्याला पटतं. बारक्या पोरांना ते बरोबरच, कुणाचं मनगट दुखतंय, कोण बीमवर (तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवर) घाबरतंय हे त्याला न सांगता कळतं. पण मुलींचे ४ इव्हेंट (म्हणजे वेगवेगळ्या साधनांवरचे प्रकार), मुलांचे ६, आणि पॉमेल हॉर्सपासून हाय बारपर्यंत सगळं एकटाच शिकवणार म्हणजे अवघडच की ओ! वरच्या लेव्हलला मी तरी इव्हेंटवाला कोचच घेईन, बारवर स्पॉटिंग (म्हणजे पोराला हातानं सावरणं) चुकलं तर थेट मानेवर बेततं. (तरी एकाच कोचच्या, बिश्वेश्वर नंदी सरांच्या, हाताखाली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला, म्हणजे पळत येऊन टेबलावरून उडी मारायच्या इव्हेंटला, चौथी आली, तेपण खरंच.) फक्त इव्हेंटला एक कोच ठेवण्यात घोळ एकच, फ्लोअरवाला उड्या मारून घेतो, लगेच व्हॉल्टवाला पळवतो, आणि पोरीच्या घोट्यांचा हिशोब कुणाकडंच नसतो, म्हणून वर एक हेड कोच पायजेच.