डोक्याला मार लागल्यावर लक्ष टिकत नाही: कागदी चाचणी की व्हीआर?

जखम भरली, डिस्चार्ज मिळाला, माणूस घरी आला. तरी गॅसवर दूध ठेवून विसरतो, दोघं एकदम बोलले की गोंधळतो, चिडतो. सोलापुरातल्या घरापुढे मग प्रश्न येतो: इथेच कागदावरच्या चाचण्या आणि थेरपी करायची, की व्हीआरसाठी (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं संगणकी जग) पुण्या-मुंबईची वाट धरायची? तपासणीचं उत्तर वेगळं आहे आणि उपचाराचं वेगळं.

कागदी तपासणीत आकडे-अक्षरं क्रमाने जोडायची, ठरावीक अंक शोधून खोडायचे, असं काम असतं. खर्च कमी. शिवाय बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेने अशा चाचण्यांचा संच भारतीय माणसांवर प्रमाणित केलेला आहे. वय आणि शिक्षण बघून तुलना होते, ही फार मोठी गोष्ट. उणीव एकच, पण मोठी: चाचणी शांत खोलीत होते. तिथे चांगले गुण मिळवणारा माणूस नवी पेठेच्या गर्दीत पार विस्कटू शकतो.

व्हीआर ती गर्दी खोलीत आणतं. हेडसेटमध्ये रस्ता, दुकान किंवा वर्ग दिसतो, मागून आवाज येतात, कुणी मध्येच येतं-जातं. प्रत्येक रुग्णाला तोच व्यत्यय, त्याच क्षणी. मान कुठे वळली, प्रतिसादाला किती वेळ लागला, सगळं नोंदलं जातं. पण तुलनेचे आकडे बहुधा परदेशी माणसांचे. आणि घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला इंग्रजी सूचना मिळाल्या, तर न समजल्यामुळे झालेला उशीरही लक्षाची चूक म्हणून मोजला जाईल. आपल्या शहरात हा धोका किरकोळ नाही.

उपचारात माझा कौल स्पष्टपणे थेरपिस्टकडे आहे. संगणकावरचे सुटे व्यायाम केले की त्या व्यायामात प्रगती दिसते, रोजच्या जगण्यात ती उतरतेच असं नाही. म्हणूनच २०२३ च्या इन्कॉग या मेंदूच्या दुखापतीनंतरच्या उपचारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अशा व्यायामांवर विसंबू नका म्हणतात. स्वतःची चूक ओळखणं, कामाचे टप्पे पाडणं, हे रुग्णाच्या खऱ्या कामांतून शिकवण्यावर त्यांचा भर आहे. व्हीआरही नुसता खेळ म्हणून दिलं तर तीच गत. जिथे खरा सराव जिवावर बेतू शकतो, उदाहरणार्थ रस्ता ओलांडणं, तिथे मात्र ते मोलाचं आहे.

फिट येत असेल, चक्कर किंवा मळमळ असेल, कवटीचं हाड अजून परत बसवलेलं नसेल, तर न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय हेडसेट लावूच नका.

म्हणून सुरुवात सोलापुरातच करा. कागदावर सगळं ठीक, घरी मात्र त्रास, आणि माणसाला यंत्रमागावर किंवा दुचाकीवर परतायचं आहे, अशा वेळी एकदा व्हीआर तपासणीला जाणं योग्य. अहवाल इथल्या थेरपिस्टला दाखवा. निघण्याआधी फोनवर विचारून घ्या: सूचना कोणत्या भाषेत देता, तुलना कुणाशी करता, आणि घरी रोज काय करून घ्यायचं ते लिहून देता का?